फिल्टर का खरखरतो?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

हातातलं काम चालू ठेवा, पण कान जरा इकडे द्या. आणि ज्यांच्या घरी माशांची काचेची टाकी आहे, त्यांनी वही-पेन घेऊन बसा.

आम्ही दहाजणी. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका छोट्या गावातला आमचा बचत गट. भात आहे, थोडे काजू आहेत, आणि गेली चार वर्षं आम्ही शोभिवंत मासे वाढवतो. गोल्डफिश, गप्पी, मोली, एंजल. पिल्लं आणायची, दोन-तीन महिने वाढवायची आणि दुकानदारांना द्यायची. आमच्या टाक्या तीन घरांच्या पडव्यांत आणि एका मांगरात आहेत. आज आम्ही माशांबद्दल थोडंच बोलणार आहोत. बोलणार आहोत त्या टाकीतल्या फिल्टरबद्दल, आणि तो आवाज करायला लागला की काय करायचं त्याबद्दल. कारण या एका आवाजाने आमच्या गटाचं एकदा मोठं नुकसान केलं. खरं तर आवाजाने नाही केलं, आम्ही तो ऐकून न ऐकल्यासारखा केला, म्हणून झालं.

गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. आमच्यातल्या एका वहिनींच्या पडवीत मोठी टाकी आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे काठोकाठ भरली तर साधारण १९० लिटर पाणी. त्यात ६० गोल्डफिश होते, दोन-दोन बोटांएवढे झालेले, आठवड्याभरात विकायला जाणार होते. एप्रिलमध्ये त्या टाकीतला फिल्टर खरखरायला लागला. आधी थोडा, मग सतत. वहिनी म्हणाल्या, "अगं, हा रात्रभर दात खातो." आम्ही हसलो. कुणी तरी जाऊन त्याला टपली मारली. तासभर गप्प बसला, परत सुरू.

मग आमच्या काकी आल्या. काकींचं शिवणाचं मशीन आहे, ते त्या स्वतःच उघडतात, स्वतःच साफ करतात. त्या म्हणाल्या, "मशीन कुरकुरलं की तेल मागतं." आणि त्यांनी फिल्टर काढून मशीनच्या तेलाचे दोन थेंब आत सोडले. दुसऱ्या दिवशी पाण्यावर तेलाचा तवंग. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. धावपळ करून निम्मं पाणी बदललं, तवंग कागदाने टिपून घेतला. मासे वाचले. पण खरखर काही गेली नाही. काकींनी नंतर कितीतरी दिवस त्या फिल्टरला हात लावला नाही.

मे महिना आला. वहिनींचे सासरे दम्याने आजारी. त्यांची खाट पडवीलगतच्या खोलीत. उकाडा, दम, आणि त्यात भिंतीपलीकडे ही खरखर. त्यांना झोप लागेना. एका रात्री दहा वाजता वहिनींनी बोर्डाचा खटका बंद केला. सकाळी उठले की लावीन, असं ठरवून. त्याच बोर्डावर हवेचा पंपही होता, तोही बंद झाला. मामंजी त्या रात्री शांत झोपले. सकाळी सहा वाजता वहिनी पडवीत आल्या तेव्हा २६ गोल्डफिश उलटे तरंगत होते. पुढच्या दोन दिवसांत आणखी पाच गेले.

असं का झालं? पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. म्हणजे मे महिन्यात पाण्यात आधीच कमी. त्यात ६० मासे दाटीवाटीने. फिल्टर आणि पंप पाणी हलवत होते, म्हणून वरची हवा पाण्यात मिसळत होती. ते हलणं थांबलं आणि मासे गुदमरले.

त्या दिवशी गटाची बैठक झाली. वहिनी कोपऱ्यात बसून रडत होत्या. "माझ्यामुळे झालं, माझ्या हिश्श्यातून कापून घ्या," म्हणत होत्या. दोघीतिघींच्या मनातही तेच होतं, खोटं कशाला सांगायचं. तेव्हा आमच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "हा आवाज किती दिवस चालला होता?" तीन आठवडे. "आणि तो कोणी कोणी ऐकला होता?" सगळ्यांनी. "मग उघडून कोणी बघितलं?" कोणीच नाही. आजारी माणसाला झोप मिळावी म्हणून जिने खटका दाबला, तिला एकटीला दोष देऊन चालणार नव्हतं. वहीत आम्ही 'गटाचा तोटा' असं लिहिलं. कुणा एकीच्या नावावर नाही.

मग आम्ही तो फिल्टर घेऊन तालुक्याला गेलो. दुकानदार म्हणाला, "ताई, हे दुरुस्त होत नाही. फेका, नवीन घ्या." साडेचारशे रुपये मोजून नवीन आणला. दोन-तीन आठवडे सुखाचे गेले, आणि मैत्रिणींनो, नवीन फिल्टरही खरखरायला लागला! तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. दोष यंत्रात नसेल, आमच्या टाकीत असेल.

काकी पुन्हा पुढे आल्या. म्हणाल्या, "तेल घातलं ती माझी चूक. पण मशीनची बॉबिन केस मी रोज काढते आणि घालते. हे उघडायला काय हरकत आहे?" प्लग काढला, बादलीत फिल्टर ठेवला आणि त्यांनी तो उघडला. आम्ही नऊजणी सभोवती उभ्या, बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभ्या राहतात तशा. आतून काय निघालं? मोहरीएवढा गोगलगाईचा शंख आणि चिमूटभर वाळू. नंतर जुना फेकायला ठेवलेला उघडला. त्यातही वाळू, आणि दांडीवर पांढरे क्षार. तळीतून आणलेल्या पाणवनस्पती आम्ही न धुता टाकीत लावल्या होत्या. त्यांच्याबरोबर गोगलगाई आल्या होत्या. एवढंच!

तर आता ऐका, आत असतं तरी काय. पाण्यात बुडवायच्या छोट्या फिल्टरचे दोन भाग असतात. एका भागात स्पंज, ज्यातून पाणी गाळून येतं. दुसऱ्या भागात मोटार. मोटारीचं तारेचं वेटोळं पक्कं बंद केलेलं असतं, त्यात पाणी शिरत नाही. ते आपण उघडायचं नाही, उघडतही नाही. पण त्याच्या तोंडाशी एक झाकण असतं. ते फिरवून किंवा ओढून निघतं. आत एक बोटाच्या पेराएवढा गोल लोहचुंबक, त्याच्या टोकाला इवलासा पंखा आणि मधून जाणारी बारीक दांडी. वेटोळ्यात वीज आली की तिच्या ओढीने हा चुंबक फिरतो, पंखा फिरतो, पाणी ढकललं जातं. अशा छोट्या मोटारीत हा पंखा साधारणपणे सेकंदाला ५० फेरे घेतो, म्हणजे मिनिटाला ३०००. आता सांगा, इतक्या वेगाने फिरणाऱ्या वस्तूच्या वाटेत वाळूचा एक कण आला तरी खरखर होणार की नाही?

आम्ही आता आवाजावरूनच ओळखतो. एकेक सांगतो, लिहून घ्या.

पहिला आवाज, खळखळ किंवा गुडगुड. हंड्यात पाणी ओतल्यासारखा. याचा अर्थ आत हवा शिरली. टाकीतलं पाणी उन्हाळ्यात आठवड्याला बोट-दोन बोटं सहज उतरतं. फिल्टरचं तोंड उघडं पडलं की तो पाण्याबरोबर हवाही ओढतो. आधी पाण्याची पातळी बघा, पाणी भरा. लाइट गेली आणि परत आली, तरी कधी कधी आत बुडबुडा अडकतो. तेव्हा प्लग काढा, फिल्टर पाण्याच्या आतच तिरका करा, हळूच हलवा. बुडबुडे वर येतात. मग प्लग लावा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

दुसरा आवाज, खरखर किंवा टकटक. जात्यात खडा आल्यासारखा. म्हणजे पंख्याजवळ काहीतरी अडकलंय. वाळू, शंख, पानाचा देठ. किंवा दांडी झिजली आहे, मोडली आहे. यासाठी फिल्टर उघडावा लागतो. कसा, ते पुढे सांगतो.

तिसरा आवाज, घूं घूं असा घुमणारा. फिल्टरला हाताने जरा दाबून बघा. दाबल्यावर आवाज थांबला, तर आत दोष नाही. फिल्टर काचेला थरथरत लागतोय, आणि काच व लाकडी फळी तो आवाज मोठा करतायत. फिल्टरच्या पाठीला रबराच्या वाट्या असतात, त्या जुन्या झाल्या की कडक होतात, काचेला चिकटत नाहीत. त्या काढून गरम पाण्यात थोडा वेळ बुडवा, मऊ होतात. नाहीच झाल्या तर दुकानात नुसत्या वाट्या मिळतात.

चौथा सगळ्यात वाईट. नुसता बारीक गुणगुण आवाज, आणि पाणी मात्र येत नाही. म्हणजे वीज जातेय पण पंखा अडकलाय. लगेच प्लग काढा. मोटार तशीच चालू ठेवली तर तापते आणि जळते. म्हणून एक सवय लावून घ्या. लाइट गेली आणि परत आली, की टाकीजवळ जाऊन पाणी पडतंय का ते डोळ्यांनी बघायचं. आवाज येतोय म्हणजे चालू आहे, असं समजायचं नाही.

आता उघडायचं कसं. सर्वांत आधी प्लग बोर्डातून पूर्ण काढायचा. नुसता खटका बंद करून भागायचं नाही. पाणी आणि वीज एकत्र आहेत, इथे घाई नाही. हात कोरडे करून प्लग काढायचा. मगच टाकीत हात. फिल्टर बादलीवर धरून बाहेर काढायचा. झाकण काढायचं. पंखा चिमटीत धरून सरळ बाहेर ओढायचा. चुंबक आहे, त्यामुळे जरा ओढून धरल्यासारखा लागतो, घाबरू नका. दांडी सिरॅमिकची असते, वाकडं ओढलं तर खटकन मोडते. जुन्या टूथब्रशने पंखा घासायचा. आतल्या भोकात कान साफ करायची कापसाची काडी फिरवायची. दांडीच्या टोकांना छोट्या रबरी टोप्या असतात, त्या हरवू देऊ नका. वाटीत ठेवा. टोपी नसेल तर पंखा टकटक करतो. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर पांढरे क्षार बसतात. पंखा आणि दांडी लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये तासभर ठेवा, मग चांगल्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. साबण नको. वॉशिंग पावडर नको. आणि तेल, ग्रीस, खोबरेल, काहीही नको. या पंख्याला पाणी हेच वंगण. म्हणूनच तो पाण्याबाहेर कोरडा कधी चालवायचा नाही.

परत बसवल्यावर पंखा बोटाने फिरवून बघा. तो अडखळत, गचके देत फिरतो. तो दोष नाही, चुंबकाचा गुण आहे. पण घासला जात असेल, किंवा पाती तुटली असेल, तर नवीन पंखा घ्यायचा. कित्येक फिल्टरांचा नुसता पंखा वेगळा विकत मिळतो. जुना बरोबर नेऊन माप जुळवून घ्या.

एक गोष्ट अजिबात करायची नाही. वायर कापली गेली असेल, मोटारीच्या कवचाला तडा असेल, किंवा पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं असेल, तर तो फिल्टर दुरुस्त करायचा नाही. टाकून द्यायचा. साडेचारशे रुपये जातील, जीव राहील. वायरचा थोडा झोल बोर्डाच्या खाली लोंबता ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी तिथेच खाली टपकेल, बोर्डात जाणार नाही. आणि जमलं तर वायरमनकडून गळती ओळखून वीज तोडणारा खटका, आरसीसीबी म्हणतात तो, बसवून घ्या.

आता स्पंजबद्दल. स्पंज तुंबला की पाणी ओढायला मोटारीला जोर लागतो आणि ती कण्हायला लागते. पण स्पंज नळाखाली चोळून चोळून धुऊ नका. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विष. स्पंजमध्ये राहणारे चांगले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच कमी घातक असतं, आणि पाणी बदललं की कमी होतं. दही लावायला विरजण जपतो ना, तसे हे जीवाणू जपायचे. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते. त्या पाण्यात स्पंज धुतला तर जीवाणू मरतात. म्हणून टाकीतलंच बादलीभर पाणी काढायचं आणि त्यात स्पंज दोन-तीनदा पिळायचा. दोन स्पंज असतील तर एक या आठवड्यात, दुसरा पुढच्या. टाकीत नवं पाणी घालायचं तेही एक दिवस उघड्यावर ठेवून.

हवेचा पंप पाण्याबाहेर असतो, त्याचाही आवाज येतो. त्याच्याखाली जुन्या रबरी चपलेचा तुकडा ठेवा, निम्मा आवाज तिथेच जातो. कापडात गुंडाळू नका, तो हवा घेईल कुठून? नळीच्या टोकाचा बुडबुड्यांचा दगड काढून बघा. आवाज कमी झाला, तर दगड तुंबलाय. तो स्वस्त असतो, बदला. पंप टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा, किंवा नळीत पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व लावा. नाहीतर लाइट गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात येतं.

आणि लाइट खूप वेळ गेली तर? मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागायच्या आधीच तांब्याने टाकीतलं पाणी घ्यायचं आणि वीतभर उंचीवरून परत टाकीत ओतायचं. दहा-पंधरा वेळा, मग थोड्या वेळाने परत. हवा मिसळते. खाद्य घालायचं नाही. बॅटरीवर चालणारा छोटा पंप मिळतो, आम्ही आता दोन घेऊन ठेवलेत. फिल्टर बरेच तास बंद राहिला असेल तर लाइट आल्यावर स्पंज टाकीच्या पाण्यात पिळून मगच चालू करायचा, म्हणजे आत साचलेली घाण माशांच्या अंगावर येत नाही.

'मग सगळंच बंद ठेवलं, वीज वाचली,' असंही कुणाला वाटेल. हिशोब करून बघा. १० वॅटचा फिल्टर दिवसरात्र महिनाभर चालला तर साधारण सव्वासात युनिट. वीज वाचेल तेवढीच, आणि टाकी जाईल.

आमच्याकडे आता प्रत्येक टाकीच्या बाजूला खिळ्याला एक वही लटकते. फिल्टर कधी धुतला, पंखा कधी काढला, आवाज कसा होता, सगळं तारखेनिशी. नवीन वनस्पती आधी वेगळ्या बादलीत आठवडाभर ठेवून, धुऊन, मगच टाकीत जातात. तरी एखादी गोगलगाय येतेच. म्हणून फिल्टरच्या तोंडावर आम्ही स्पंजचा तुकडा लावतो. गप्पींची पिल्लंही त्यामुळे ओढली जात नाहीत.

जो फिल्टर दुकानदाराने फेकायला सांगितला होता, तो आजही मांगरातल्या टाकीत चालू आहे. आमच्याकडून मासे घेणारे लोक आता त्यांचे फिल्टरही घेऊन येतात. काकी उघडतात, साफ करतात, पन्नास रुपये घेतात. ते पैसे गटाच्या खात्यात जातात. त्या तोट्याची रक्कम भरून निघाली, तेव्हा आम्ही वहीत त्या नोंदीखाली एक रेघ मारली.

वहिनींची टाकी अजून त्यांच्याच पडवीत आहे. दुसऱ्या घरी न्यायचं ठरलं होतं, पण त्यांनीच नको म्हटलं. मामंजी आता बरे असतात. उन्हाळ्यात दुपारी ते खुर्ची टाकून टाकीसमोर बसतात. गेल्या महिन्यात त्यांनीच वहिनींना हाक मारली, "सूनबाई, तुझा फिल्टर आज वेगळा बोलतोय गं." बघितलं तर पाणी उतरलं होतं.

तर मैत्रिणींनो, आज रात्री घरात निजानीज झाली की आपापल्या टाकीजवळ पाच मिनिटं उभ्या राहा. चांगला चालणारा फिल्टर कसा वाजतो ते कानात साठवून ठेवा. मग बिघडला की लगेच कळेल. आणि कळलं की टपली मारू नका, तेल घालू नका, रात्रीपुरता बंदही करू नका. प्लग काढा, उघडा आणि आत बघा. तितका वेळ हवेचा पंप चालू ठेवा.